विश्लेषण : ब्राउझर सुरू करण्याची ‘कमांड लाइन’ पद्धत काय आहे? एका ओळीतली सोय धोक्याची केव्हा ठरते?

संगणकावर क्रोम, एज किंवा फायरफॉक्स सुरू करायचा म्हणजे चिन्हावर दोनदा क्लिक करायचे, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. हेच ब्राउझर एका ओळीची लेखी आज्ञा देऊनही सुरू करता येतात. ब्राउझर कोणत्या प्रोफाइलने उघडावा, पूर्ण पडदा व्यापावा की नाही, इतिहास साठवावा की नाही, हे त्या ओळीतच ठरवता येते. मात्र या ओळींचा उपयोग सायबर चोरही करत असल्याचे गेल्या काही वर्षांत दिसून आले आहे. २०२५ मध्ये गुगलला क्रोममधील अशा एका सुविधेवर मर्यादा घालावी लागली. ही पद्धत नेमकी काय आहे, ती कुठे उपयोगी पडते आणि कोणती ओळ चुकूनही चिकटवू नये, याचा हा आढावा. (वाचनाच्या सोयीसाठी लेखातील आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप कराव्या लागतात.)

कमांड लाइन म्हणजे काय?

माऊस आणि चिन्हे येण्यापूर्वी संगणकाशी संवाद साधण्याचा मार्ग म्हणजे आज्ञा टाइप करणे. काळ्या पडद्यावर प्रोग्रामचे नाव लिहायचे, एंटर दाबायचे की तो प्रोग्राम सुरू होत असे. ही सोय आजही प्रत्येक संगणकात आहे. विंडोजमध्ये तिला कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल म्हणतात, तर मॅक आणि लिनक्सवर टर्मिनल. विंडोजमध्ये आणखी एक छोटा मार्ग आहे. विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकत्र दाबले की डाव्या कोपऱ्यात ‘रन’ नावाची चौकट उघडते. तिथेही एक ओळ लिहून प्रोग्राम सुरू करता येतो.

चिन्हावर क्लिक केल्यावरही पडद्यामागे हेच घडते. ते चिन्ह म्हणजे एका लेखी आज्ञेचा शॉर्टकट असतो. डेस्कटॉपवरील क्रोमच्या चिन्हावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास ‘टार्गेट’ या रकान्यात ती ओळ वाचता येते. म्हणजे कमांड लाइन वापरत नाही असे म्हणणारा माणूसही ती रोज वापरत असतो. फक्त ती ओळ त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी आधीच लिहून ठेवलेली असते.

ब्राउझरशी तिचा संबंध किती जुना?

जवळपास वेबइतकाच. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये ‘सर्न’ या युरोपीय संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर तयार केला. तो चित्रमय होता, पण नेक्स्ट या महागड्या संगणकावरच चालत असे. इतर संगणकांसाठी निकोला पेलो या विद्यार्थिनीने ‘लाइन मोड ब्राउझर’ लिहिला. त्यात केवळ मजकूर दिसे. प्रत्येक दुव्यापुढे क्रमांक असे आणि तो क्रमांक टाइप केला की पुढचे पान उघडे. त्यानंतर १९९२ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात तयार झालेला ‘लिंक्स’ हा मजकुरी ब्राउझर आजही वापरात आहे.

१९९३ मध्ये ‘मोझॅक’ आल्यावर वेब सामान्य माणसापर्यंत पोहोचले आणि माऊस हेच मुख्य साधन बनले. तरीही ब्राउझर बनवणाऱ्यांनी लेखी आज्ञांचा मार्ग बंद केला नाही. क्रोम सप्टेंबर २००८ मध्ये आला. त्याचा मुक्त पाया असलेल्या क्रोमियममध्ये आज हजाराहून अधिक ‘स्विच’ आहेत. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझरही जानेवारी २०२० पासून याच पायावर उभा आहे. त्यामुळे क्रोमचे बरेचसे स्विच एजमध्येही चालतात. फायरफॉक्सचा पाया वेगळा, म्हणून त्याचे स्विचही वेगळे.

ही ओळ कशी लिहितात?

तिचे तीन भाग असतात. पहिला भाग प्रोग्रामचे नाव, दुसरा स्विच आणि तिसरा संकेतस्थळाचा पत्ता. स्विच म्हणजे ब्राउझरला सुरू होतानाच दिलेली सूचना. क्रोममध्ये स्विचच्या आधी दोन आडव्या रेघा येतात. उदाहरणार्थ, रन चौकटीत ‘क्रोम --इन्कॉग्निटो’ असे लिहून एंटर दाबल्यास क्रोम थेट गुप्त खिडकीत उघडतो. त्यापुढे जागा सोडून पत्ता लिहिला तर तेच संकेतस्थळ उघडते. एजसाठी नाव ‘एमएसएज’ आणि स्विच ‘--इनप्रायव्हेट’ असा आहे. फायरफॉक्समध्ये हेच काम ‘-प्रायव्हेट-विंडो’ हा स्विच करतो.

इथे नवशिक्यांची हमखास फसगत होते. रन चौकटीत नुसते ‘क्रोम’ लिहून चालते, पण कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत तेच लिहिले तर असा प्रोग्राम सापडत नाही, असे उत्तर मिळते. तिथे ‘स्टार्ट क्रोम’ असे लिहावे लागते. कारण क्रोम कुठे बसवला आहे याची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत असते. रन चौकट आणि ‘स्टार्ट’ ही आज्ञा ती नोंद पाहतात, कमांड प्रॉम्प्ट स्वतःहून पाहत नाही. मॅकवर ‘ओपन -ए’ या आज्ञेनंतर अवतरणचिन्हांत ‘गुगल क्रोम’ हे नाव, मग ‘--आर्ग्ज’ आणि त्यापुढे स्विच असा क्रम आहे. लिनक्सवर सहसा ‘गुगल-क्रोम’ किंवा ‘फायरफॉक्स’ एवढे नाव पुरते.

रोज ही ओळ टाइप करण्याची गरज नसते. शॉर्टकटच्या ‘टार्गेट’ रकान्यात मजकुराच्या शेवटी एक जागा सोडून स्विच लिहिला की तो कायमचा लागू होतो. मात्र तो शेवटच्या अवतरणचिन्हाच्या बाहेर लिहायला हवा. आत लिहिल्यास विंडोज त्याला फाइलच्या नावाचाच भाग समजते आणि चूक दाखवते.

रोजच्या उपयोगाचे स्विच कोणते?

‘--न्यू-विंडो’ हा स्विच पत्ता नव्या खिडकीत उघडतो. एका ओळीत जागा सोडून चार-पाच पत्ते लिहिले तर तेवढे टॅब एकदम उघडतात. सकाळी कार्यालयात आल्यावर ईमेल, हजेरीचे पान आणि दोन-तीन ठरलेली संकेतस्थळे उघडणाऱ्यांची यात चांगली सोय होते. ‘--स्टार्ट-मॅक्सिमाइज्ड’मुळे खिडकी पूर्ण आकारात उघडते. ‘--गेस्ट’मुळे पाहुण्यासाठी कोरा ब्राउझर मिळतो. त्यात मूळ मालकाचे पासवर्ड किंवा इतिहास दिसत नाही.

ब्राउझर अडखळत असेल, तर ‘--डिसेबल-एक्स्टेन्शन्स’ हा स्विच निदानासाठी उपयोगी पडतो. त्याने सर्व एक्स्टेन्शन बाजूला ठेवून क्रोम सुरू होतो. तेवढ्याने संकेतस्थळ नीट चालले, तर दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा आहे हे कळते. फायरफॉक्समध्ये त्यासाठी ‘-सेफ-मोड’ आहे. विंडोजवर ‘--लँग=एमआर’ हा स्विच दिल्यास क्रोमचे मेनू मराठीत दिसतात. ‘एमआर’ हा मराठी भाषेचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

‘--ॲप=’ या स्विचपुढे पत्ता लिहिल्यास ते संकेतस्थळ टॅब आणि ॲड्रेस बारशिवाय, एखाद्या स्वतंत्र ॲपसारखे उघडते. पडद्यावर जागा मोकळी होते, पण पत्ता दिसत नसल्याने आपण खऱ्याच संकेतस्थळावर आहोत ना, हे तपासण्याची सोयही जाते. त्यामुळे बँकेच्या व्यवहारांसाठी ही पद्धत टाळलेली बरी.

एकाच संगणकावर अनेक लॉगिन कसे सांभाळतात?

कमांड लाइनचा सर्वांत व्यवहारी उपयोग हाच म्हणता येईल. करसल्लागाराच्या कार्यालयात एकाच संगणकावरून अनेक अशिलांची विवरणपत्रे भरली जातात. एका अशिलाचे लॉगिन सुरू असताना त्याच ब्राउझरमध्ये दुसऱ्याचे उघडले तर पहिले बंद पडते, किंवा चुकून एकाची माहिती दुसऱ्याच्या खात्यात जाण्याची भीती राहते. याचे कारण कुकी. आपण कोण आहोत हे संकेतस्थळ कुकीवरून ओळखते आणि एका प्रोफाइलमध्ये सर्व टॅब मिळून कुकींचा एकच डबा असतो.

‘--प्रोफाइल-डिरेक्टरी=’ या स्विचने क्रोमचे हवे ते प्रोफाइल थेट उघडता येते. प्रत्येक प्रोफाइलचे पासवर्ड, बुकमार्क आणि कुकी स्वतंत्र असतात. पहिल्या प्रोफाइलच्या फोल्डरचे नाव ‘डिफॉल्ट’ आणि पुढच्यांची ‘प्रोफाइल १’, ‘प्रोफाइल २’ अशी असतात. नावात मोकळी जागा असल्याने ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे लागते. आपण पडद्यावर प्रोफाइलला ‘दुकान’ किंवा ‘घर’ असे काही नाव दिले असले, तरी इथे फोल्डरचेच नाव चालते.

त्याहून अधिक विलगीकरण हवे असेल तर ‘--यूजर-डेटा-डिर=’ हा स्विच आहे. त्यापुढे एखाद्या रिकाम्या फोल्डरचा मार्ग दिला की क्रोम आपला सगळा संसार त्या फोल्डरात नव्याने मांडतो. एखादे संकेतस्थळ तात्पुरते तपासून पाहायचे आणि नंतर मागमूस ठेवायचा नसेल, तर काम झाल्यावर ब्राउझर बंद करून तो फोल्डर पुसला की झाले. फायरफॉक्समध्ये ‘-पी’ या स्विचपुढे प्रोफाइलचे नाव लिहितात.

माहिती देणारे पडदे आणि किऑस्क यांचे काय?

संग्रहालयातला स्पर्शपडदा, रुग्णालयातला टोकन दाखवणारा फलक किंवा शाळेतील सूचनांचा टीव्ही यांच्यामागे अनेकदा साधा ब्राउझरच असतो. तो ‘--किऑस्क’ या स्विचने सुरू केलेला असतो. त्यामुळे ठरलेले पान पूर्ण पडद्यावर उघडते. टॅब, मेनू, ॲड्रेस बार काहीच दिसत नाही. फायरफॉक्समध्ये ही सोय ७१ व्या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१९ पासून आहे. क्रोममध्ये ‘--किऑस्क-प्रिंटिंग’ हा स्विच जोडला तर छपाईची चौकट न दाखवता पावती थेट प्रिंटरकडे जाते.

हा स्विच म्हणजे कुलूप नव्हे, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. विंडोजवर ‘ऑल्ट’ आणि ‘एफ४’ दाबले की किऑस्कमधला ब्राउझरही बंद होतो आणि मागचा डेस्कटॉप उघडा पडतो. म्हणून सार्वजनिक ठिकाणी कीबोर्ड काढून ठेवतात किंवा विंडोजची स्वतंत्र किऑस्क व्यवस्था वापरतात. केवळ स्विचवर विसंबून बसवलेला पडदा कोणाच्याही हाती संगणक सोपवल्यासारखाच आहे.

खिडकी न उघडताही ब्राउझर चालतो का?

चालतो. त्याला ‘हेडलेस’ पद्धत म्हणतात. ‘--हेडलेस’ या स्विचने ब्राउझर पडद्यावर काहीच न दाखवता पान उघडतो, त्यातील सर्व प्रक्रिया पूर्ण करतो आणि सांगितलेले काम करून बंद होतो. क्रोममध्ये ही सोय २०१७ मध्ये ५९ व्या आवृत्तीत मॅक आणि लिनक्सवर आली आणि पाठोपाठ विंडोजवर. फायरफॉक्समध्येही ती त्याच वर्षी आली. ‘--हेडलेस’सोबत ‘--प्रिंट-टू-पीडीएफ’ दिल्यास पानाची पीडीएफ तयार होते, तर ‘--स्क्रीनशॉट’ दिल्यास चित्र. फायरफॉक्समध्ये ‘--स्क्रीनशॉट’ आणि पुढे पत्ता एवढे लिहिले तरी संपूर्ण लांबीच्या पानाचे चित्र साठवले जाते.

ऑनलाइन बिले, गुणपत्रके, तिकिटे यांच्या पीडीएफ सर्व्हरवर तयार करण्यासाठी हा मार्ग वापरला जातो. संकेतस्थळ प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याची आपोआप चाचणी घेणारी सेलेनियम, पपेटियर, प्लेराइट ही साधनेही याच पद्धतीने ब्राउझर हाताळतात. सेलेनियमची सुरुवात २००४ मध्ये शिकागोत झाली. गुगलने पपेटियर २०१७ मध्ये, तर मायक्रोसॉफ्टने प्लेराइट २०२० मध्ये आणले.

मराठी मजकुराबाबत इथे एक नेहमीची अडचण येते. सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट बसवलेला नसेल, तर पीडीएफमध्ये अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटतात. कार्यालयातील संगणकावर तेच पान नीट दिसत असल्याने दोष शोधायला वेळ जातो. सर्व्हरवर देवनागरीचा एखादा मुक्त फॉन्ट बसवला की प्रश्न मिटतो.

स्विच देऊनही काही वेळा परिणाम का होत नाही?

याची सहसा तीन कारणे असतात. पहिले, क्रोम आधीच सुरू असतो. एकाच डेटा फोल्डरसाठी क्रोमचा एकच मूळ प्रोग्राम चालतो. दुसऱ्यांदा आज्ञा दिली की ती चालू असलेल्या क्रोमकडे सोपवली जाते. तो नवी खिडकी उघडून देतो, पण सुरू होतानाच लागू होणारे स्विच दुर्लक्षित राहतात. सर्व खिडक्या बंद केल्यावरही क्रोम मागे चालू राहू शकतो. घड्याळाजवळच्या चिन्हांत तो दिसत असेल तर तिथून तो पूर्ण बंद करावा लागतो.

दुसरे कारण, शॉर्टकट वेगळा असतो. डेस्कटॉपवरील चिन्हात बदल केला, पण रोज टास्कबारवरील चिन्ह वापरले, तर बदल दिसणार नाही. ईमेल किंवा व्हॉट्सॲपमधील दुव्यावर क्लिक केले तरी आपला शॉर्टकट वापरलाच जात नाही. तिसरे कारण, कार्यालयाचे धोरण. संस्थेने गुप्त खिडकीवर बंदी घातली असेल तर ‘--इन्कॉग्निटो’ लिहूनही ती उघडत नाही. ॲड्रेस बारमध्ये ‘क्रोम://पॉलिसी’ हे पान उघडल्यास अशी बंधने दिसतात.

कोणते स्विच धोक्याचे आहेत?

काही स्विच केवळ सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांसाठी ठेवलेले आहेत. त्यांतला पहिला ‘--नो-सँडबॉक्स’. क्रोम प्रत्येक संकेतस्थळाचा कोड एका बंदिस्त कप्प्यात चालवतो. पानात घातक कोड असला तरी तो त्या कप्प्याबाहेर संगणकाच्या फाइलींपर्यंत सहज पोहोचू नये, ही योजना. हा स्विच ती भिंतच पाडतो. दुसरा ‘--डिसेबल-वेब-सिक्युरिटी’. एका संकेतस्थळाने दुसऱ्या संकेतस्थळाची माहिती वाचू नये, हा नियम नेटस्केपच्या काळापासून, म्हणजे १९९५ पासून ब्राउझरमध्ये आहे. या स्विचने तो नियम बंद होतो. तिसरा ‘--इग्नोर-सर्टिफिकेट-एरर्स’. संकेतस्थळाचे ओळखपत्र खोटे असले तरी ब्राउझर इशारा देत नाही.

एखादे जुने पोर्टल उघडत नाही म्हणून कोणी ‘जाणकार’ यांपैकी एखादा स्विच शॉर्टकटमध्ये टाकून देतो आणि काम झाले म्हणून निघून जातो. पुढे त्याच चिन्हावरून बँकेचे व्यवहार होत राहतात. ‘--नो-सँडबॉक्स’सारखा स्विच वापरला असेल तर क्रोम वर एक पट्टी दाखवतो. असमर्थित स्विच वापरात असून सुरक्षेवर परिणाम होईल, असा इशारा त्यात असतो. ही पट्टी दिसली तर ती बंद करून पुढे जाण्याऐवजी शॉर्टकट तपासायला हवा.

‘--प्रॉक्सी-सर्व्हर=’ हा स्विच एरवी कार्यालयांत उपयोगी आहे. पण अनोळखी पत्ता दिलेला असेल तर आपली सर्व वर्दळ त्या सर्व्हरमार्फत जाते. जाहिराती घुसवणारे सॉफ्टवेअर शॉर्टकटच्या शेवटी स्वतःच्या संकेतस्थळाचा पत्ता जोडून ठेवते, हाही जुना प्रकार आहे. ब्राउझर उघडताच दरवेळी अनोळखी पान येत असेल आणि सेटिंग बदलूनही ते जात नसेल, तर कारण ‘टार्गेट’ रकान्यात सापडू शकते.

गुगलने २०२५ मध्ये काय बदलले?

क्रोममध्ये ‘--रिमोट-डिबगिंग-पोर्ट=’ असा एक स्विच आहे. त्याने ब्राउझरचे नियंत्रण दुसऱ्या प्रोग्रामला देता येते. चाचणीच्या साधनांसाठी तो आवश्यक आहे. मात्र हे नियंत्रण मिळवणाऱ्या प्रोग्रामला सर्व कुकीही वाचता येतात. लॉगिन झाल्यानंतरची कुकी चोराच्या हाती पडली तर त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. संकेतस्थळाच्या दृष्टीने तो आधीच आत आलेला असतो.

कुकीचोरी रोखण्यासाठी गुगलने जुलै २०२४ मध्ये विंडोजवरील क्रोमच्या १२७ व्या आवृत्तीत कुकी अधिक कडेकोट कूटबद्ध केल्या. तेव्हा चोरट्या सॉफ्टवेअरने मागचा दरवाजा शोधला. फाइल फोडण्याऐवजी वापरकर्त्याच्या प्रोफाइलसह क्रोम या स्विचने सुरू करायचा आणि कुकी त्याच्याकडूनच मागून घ्यायच्या. त्यामुळे १३६ व्या आवृत्तीपासून नेहमीच्या डेटा फोल्डरसाठी हा स्विच क्रोम जुमानत नाही. चाचणीसाठी तो हवाच असेल तर ‘--यूजर-डेटा-डिर=’ वापरून वेगळा फोल्डर द्यावा लागतो. त्या फोल्डरात वापरकर्त्याच्या मूळ कुकी नसतात. कमांड लाइनवरून एक्स्टेन्शन घुसवणारा ‘--लोड-एक्स्टेन्शन’ हा स्विचही १३७ व्या आवृत्तीपासून गुगलच्या क्रोममध्ये चालत नाही.

‘रन’ चौकटीतून होणारी फसवणूक काय आहे?

२०२४ पासून जगभर पसरलेल्या या प्रकाराला सुरक्षातज्ज्ञ ‘क्लिकफिक्स’ म्हणतात. एखाद्या संकेतस्थळावर ‘तुम्ही रोबो नाही, हे सिद्ध करा’ अशी ओळखीची चौकट येते. तिच्यावर क्लिक करताच पान एक आज्ञा गुपचूप क्लिपबोर्डवर उतरवते. मग तीन पायऱ्या सांगितल्या जातात : विंडोज आणि ‘आर’ दाबा, कंट्रोल आणि ‘व्ही’ दाबा, एंटर दाबा. वापरकर्त्याला ही पडताळणी वाटते. प्रत्यक्षात त्याने रन चौकटीत चोराची आज्ञा चिकटवून स्वतःच्या हाताने चालवलेली असते. ती आज्ञा इंटरनेटवरून घातक प्रोग्राम आणते आणि साठवलेले पासवर्ड व कुकी बाहेर पाठवते.

रन चौकट लहान असते. लांब आज्ञेचा फक्त शेवटचा भाग तिच्यात दिसतो. चोर त्या भागात ‘मी रोबो नाही’ अशा अर्थाचा निरुपद्रवी मजकूर ठेवतात आणि खरी आज्ञा डावीकडे झाकली जाते. मॅकवर टर्मिनल उघडायला सांगणारे प्रकारही आढळले आहेत. वापरकर्त्याने स्वतः चालवलेली आज्ञा असल्याने संरक्षक सॉफ्टवेअरलाही ती ओळखणे अवघड जाते.

इथे नियम एकच आहे. कोणतेही खरे संकेतस्थळ पडताळणीसाठी रन चौकट, कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनल उघडायला सांगत नाही. तसे सांगितले की ते पान तिथेच बंद करावे. चुकून आज्ञा चालवली गेली असल्यास संगणकाचे इंटरनेट लगेच तोडावे. मग दुसऱ्या उपकरणावरून महत्त्वाच्या खात्यांचे पासवर्ड बदलावेत आणि ‘सर्व ठिकाणांहून लॉग आउट’ हा पर्याय वापरावा, कारण नुसता पासवर्ड बदलल्याने चोरलेली कुकी निकामी होईलच असे नाही. पैसे गेले असतील तर बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तातडीने तक्रार नोंदवावी.

आपला ब्राउझर कसा सुरू झाला, हे कसे पाहायचे?

क्रोमच्या ॲड्रेस बारमध्ये ‘क्रोम://व्हर्जन’ असे लिहिल्यास एक साधे पान उघडते. त्यात ‘कमांड लाइन’ या नावापुढे ब्राउझर ज्या ओळीने सुरू झाला ती पूर्ण दिसते. खाली ‘प्रोफाइल पाथ’ असतो आणि त्यावरून फोल्डरचे नाव कळते. एजमध्ये ‘एज://व्हर्जन’ असे लिहावे. काही स्विच क्रोम स्वतःहून जोडतो. त्यामुळे अनोळखी शब्द दिसला म्हणून लगेच घाबरण्याचे कारण नाही. वर सांगितलेल्या धोक्याच्या स्विचपैकी एखादा किंवा न मागितलेला एखादा पत्ता मात्र तिथे नसावा.

मोबाइलवर यातले काय लागू होते?

फोनवर शॉर्टकटमध्ये स्विच लिहिण्याची सोय नाही. त्याऐवजी ‘क्रोम://फ्लॅग्ज’ हे पान आहे. त्यातील पर्याय प्रायोगिक असतात आणि काही बदलले गेले असतील तर ‘रीसेट ऑल’ने सगळे पूर्ववत होते. अँड्रॉइड फोन केबलने संगणकाला जोडून ‘एडीबी’ या साधनाद्वारे फोनमधील ब्राउझरला आज्ञा देता येते, पण त्यासाठी ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ आणि ‘यूएसबी डिबगिंग’ सुरू करावे लागते. काही बँकिंग ॲप ते सुरू असताना चालण्यास नकार देतात. काम संपले की हे पर्याय बंद करणेच योग्य. फोनवर कोणी अनोळखी माणूस ते सुरू करायला सांगत असेल, तर तो मदत करत नसून फोनचा ताबा मागत आहे, असेच समजावे.

कमांड लाइनची सोय मोठी आहे आणि ती शिकायला फारसे अवघडही नाही. ‘क्रोम --गेस्ट’ किंवा ‘क्रोम --इन्कॉग्निटो’ यांसारख्या निरुपद्रवी ओळीने सुरुवात करता येते. स्वतः लिहिलेल्या ओळीतला प्रत्येक शब्द काय करतो, हे माहीत असते. दुसऱ्याने दिलेली ओळ चालवण्यापूर्वीही तेवढीच माहिती हवी. ती नसेल, तर एंटर दाबू नये.